नोरा नावाची कुणी आजी नव्हती

मी, पद्मिनी गोविंद ठोंबरे, वय पन्नास, शिक्षण चौथी (परीक्षा दिलेली नाही), राहणार पोर्टलीश, भाड्याचं घर, काम कार्मोडीच्या व्हिस्कीच्या गोदामात साफसफाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर स्वतःच्या हाताने लिहिते आहे. कुणी धाक घातलेला नाही आणि कुणी लाडीगोडीही लावलेली नाही. नशेत लिहिलं असंही कुणी म्हणू नये. चार वर्षं दारूत उभी आहे, पण एक थेंब जिभेला लावलेला नाही. वासानेच मळमळतं.

लिहिण्याचं कारण असं. येत्या मंगळवारी डब्लिनला माझं ऑपरेशन आहे. नाकामागच्या पोकळीत गाठ आहे. इथले आपले डॉक्टर उल्हास म्हणाले, "ताई, तुम्ही वाचाल असं धरून चाला. वास मात्र बहुतेक परत येणार नाही." म्हणजे मी राहिले तरी नाक जाणारच. तेव्हा हे आमच्या दोघांचं मृत्युपत्र समजावं.

नमुना प्रसन्नने छापून दिला. त्याचं इथे किराणा दुकान आहे. नमुन्यात पहिल्याच ओळीत 'माझी सर्व स्थावर मिळकत' असं होतं. ती ओळ मी खोडली. माझ्या नावावर जमिनीला चिकटलेलं काहीही नाही.

कलम १. क्रेडिट युनियनमधली शिल्लक, मंगळसूत्र, दोन पाटल्या, शिलाई मशीन आणि लोखंडी कढई माझी मुलगी स्मृती हिला. याला कुठलीही अट नाही. कढई साबणाने घासू नये. मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा. वय एकोणीस आहे, पण कागदपत्रांत माझ्यापेक्षा हुशार आहे.

माझे यजमान गोविंद इथे हॉटेलात आचारी होते, त्यांनीच आम्हाला आणलं. २००७ साली लिव्हरने गेले. कशाने, ते वेगळं लिहीत नाही.

कलम २. दर नाताळला मालक मला एक बाटली देतो. चार वर्षांच्या चार, स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, फिनाइलशेजारी ठेवल्या आहेत. त्या चारही डॉक्टरांच्या पत्नी मृणालिनीबाई यांना. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या हातचे मोदक त्यांनी बाजूला काढून ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पद्मिनीताई, राग मानू नका, पण वास येतो हो." बाई, वास येतो. तुमच्या यजमानांच्या गाडीच्या डिकीतूनही येतो, तिथे लपवलेली बाटली मीच भरून बंद केलेली आहे. तरी डॉक्टर माणूस चांगला. त्यांना एक प्यायला द्या, उरलेल्या तिन्हींनी काचा पुसा. काचा स्वच्छ निघतात, करून पाहिलंय.

कलम ३. लादी पुसायची काठी आणि पिवळी बादली मालक डेक्लन कार्मोडी याला. ती त्याचीच आहे, परत देते. त्याला याहून काही मिळू नये, त्याची कारणं पुढे येतील.

डेक्लन आधी घरं बांधायचा. २००८ला सगळं कोसळलं, घरं तशीच उभी राहिली, खिडक्यांना काचासुद्धा नाहीत. मग त्याने गावाबाहेरची शेड घेतली आणि व्हिस्कीत उतरला. आता पाटी वाचा: 'स्थापना १८३१'. मी तिथे २००९ साली पहिला झाडू मारला, तेव्हा शेडमध्ये ट्रॅक्टरचं तेल सांडलेलं होतं. १८३१चं तिथे काहीही नव्हतं, उंदीर सोडून. दारू तो गाळतसुद्धा नाही. ती दक्षिणेकडून टँकरने येते, जुन्या ओकच्या पिंपांत भरायची आणि पडू द्यायची. तीन वर्षं याच बेटावर लाकडात पडून राहिल्याशिवाय तिला आयरिश व्हिस्की म्हणता येत नाही, असा कायदा आहे. तेवढा एक नियम तो पाळतो, कारण तपासायला सरकारी माणूस येतो.

पिंपांतून दरवर्षी थोडी दारू उडून जाते. त्याला हे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. देवदूत मी पाहिलेले नाहीत. त्या वाफेवर भिंतीला काजळीसारखी काळी बुरशी चढते, ती दर महिन्याला ब्रश घेऊन मी घासते. खोकला मला होतो.

कलम ४. नाकाबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील मोरेश्वर पेणजवळ खाडीत हातभट्टी लावायचे. गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा. जाळ सारायला मी. डब्यातलं रसायन तयार झालं की नाही ते मी वास घेऊन सांगायचे आणि वडील कौतुकाने म्हणायचे, "पोरीचं नाक म्हणजे मीटर आहे." मी नऊ वर्षांची असताना त्यांनी कुठल्याशा कारखान्यातलं स्पिरिट स्वस्तात आणून त्यात मिसळलं. मी म्हटलं, "बाबा, याला रंगाच्या डब्यासारखा वास येतो, विकू नका." त्यांनी माझ्या थोबाडीत दिली आणि मला खोटं पाडायला तिथेच एक ग्लास भरून प्यायले. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या कुणाला ती पाजली गेली नाही, एवढंच बरं झालं. त्यानंतर वडिलांना हात धरून फिरवायचं काम माझ्याकडे आलं आणि शाळा सुटली.

तेव्हा दारूबद्दल मला कौतुक नाही. तांब्याच्या भांड्यात तीनदा उकळा, नाहीतर पत्र्याच्या डब्यात एकदा, घरी जाऊन बायकोला मारायला दोन्ही सारख्याच. पण ज्याची किळस असते त्याचा वास माणसाला लांबून येतो. २०१०च्या फेब्रुवारीत लादी पुसताना मी एका पिंपापाशी थांबले आणि कॉनला म्हटलं, "हे सडलंय." कॉन डीगन म्हणजे पिंपं दुरुस्त करणारा म्हातारा. त्याने बूच काढलं, हुंगलं, मान हलवली. "ग्रँड आहे, मिसेस." महिन्याने उघडलं तर आंबट गटार. त्या दिवसापासून दर शनिवारी मी पिंपं हुंगू लागले.

माझं इंग्रजी तोडकंमोडकं, म्हणून शनिवारी शाळेला सुट्टी असलेल्या स्मृतीला बरोबर नेत असे. मी सांगायचे, ती इंग्रजीत करायची, डेक्लन लिहून घ्यायचा. मी म्हणे, "बासुंदी बुडाला लागलीय." ती म्हणे टॉफी. मी म्हणे, "सारवलेली जमीन, कालची." ती म्हणे कुरण. मी म्हणे, "ओलं गोणपाट आणि खवट दाणे, हे बाटलीत घालू नका." ती म्हणे, "नॉट येट." तेच सगळं बाटलीवर छापून आलं. मला वाटलं, त्याखाली माझं नाव येईल.

नाव आलं नोराचं.

लेबलवर एक म्हातारी आहे, डोक्याला शाल, नाक पिंपाला लावलेलं. खाली लिहिलंय की ही कार्मोडींची पणजी, ग्रॅनी नोरा, हिच्या नाकावर हा धंदा उभा राहिला. मी डेक्लनला विचारलं, "कोण ही?" तो हसून म्हणाला, "पद्मिनी, लोकांना गोष्ट लागते." मी कॉनला विचारलं. कॉन ठोकता ठोकता म्हणाला, "नोरा नव्हती, मिसेस. कार्मोडींची पणजी मेथडिस्ट पंथाची होती, दारू वर्ज्य. तिच्या घरात व्हिनेगरसुद्धा चालत नसे."

खरी गोष्ट कॉनला माहीत आहे, चहाच्या सुट्टीत त्याने सांगितलेली. एकेकाळी इथे गावोगावी भट्ट्या होत्या आणि आयरिश व्हिस्की सगळ्या जगात जायची. सरकारने मोड आणलेल्या जवावर कर बसवला, म्हणून हे लोक थोडे कच्चे जव घालू लागले, आणि तीच पुढे खास चव ठरली. मग कर वसूल करणाऱ्याच एका माणसाने न थांबता चालणारी उंच भट्टी काढली. इथले मालक नाक मुरडून म्हणाले, ही कसली व्हिस्की. स्कॉटलंडवाल्यांनी ती उचलली. पुढे लढाया झाल्या, अमेरिकेत दारूबंदी आली, आणि इथल्या भट्ट्या एकामागून एक थंड झाल्या. कॉन काम शिकला तेव्हा मोजून दोन-तीन उरल्या होत्या. व्हिस्की साठवून विकणाऱ्या वाण्यांच्या तळघरांतली पिंपं त्याच्या वडिलांनी फोडून सरपणाला विकली. एवढी माणसं या धंद्यात मेली, हरली. त्यातलं एकही नाव डेक्लनला सापडलं नाही, आणि खोटी आजी बनवावी लागली.

कॉनला मी काही ठेवणार होते. पण साक्षीदाराला वारसा मिळत नाही, असा इथला कायदा आहे. तो म्हणाला, "मला सही करू दे. वस्तू घरात बऱ्याच आहेत." म्हणून परवाच्या दिवाळीच्या चकल्यांचा डबा त्याला जिवंतपणीच दिला आहे. डबा परत यावा.

कलम ५. आता वही. निळ्या पुठ्ठ्याची, तीनशे चाळीस पिंपं, प्रत्येकाचा दर तीन महिन्यांचा वास माझ्या अक्षरात, मराठीत. कुठलं पिंप कधी उघडायचं आणि कुठलं कधीच नाही, ते फक्त त्यात आहे. डेक्लनने इंग्रजीत जे लिहून घेतलं ते नुसतं टॉफी आणि कुरण. ऑपरेशनचं कळल्यापासून तो वहीच्या मागे आहे. त्याने स्मृतीला सांगितलंय, वही आण, तुला मॅनेजर करतो.

स्मृती तिथे गाईड आहे. हिरवा स्कर्ट घालून पाहुण्यांना फिरवते आणि दिवसातून चारदा नोराची गोष्ट सांगते. मी बोलले तर इथल्या पोरांसारखी आईला मॅम करून म्हणते, "मॅम, इट्स ओन्ली मार्केटिंग." मागच्या शनिवारी ती पंधरा अमेरिकनांना घेऊन सतराव्या पिंपापाशी आली, तेव्हा मी बूच काढून वास घेत होते. एकाने विचारलं, "ही कोण?" माझी मुलगी म्हणाली, "अरे, ती? ती आमची क्लीनिंगवाली बाई." सगळे हसले. मी बूच लावलं आणि बादली उचलली.

सबब, वही स्मृतीला मिळेल ती एका अटीवर. <s>माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या शनिवारी</s> उद्या शनिवारी, अकराच्या फेरीला, सतराव्या पिंपापाशी उभं राहून तिने पाहुण्यांना सांगावं की नोरा नव्हती, हे नाक माझ्या आईचं. कुठल्याही भाषेत सांगावं. कॉन ऐकायला उभा राहील. तिने सांगितलं तर वही तिची, मग ती विको, जपो, डेक्लनला चढ्या भावाने देवो. नाही सांगितलं तर पिंपाच्या कड्या तापवायच्या शेगडीत कॉनने ती वही घालावी आणि पूर्ण जळेपर्यंत हलू नये.

खाडाखोडीचा खुलासा. वरचं सगळं काल लिहून झालं होतं. रात्री कागद टेबलावर राहिला. सकाळी उठले तर स्मृती अक्षराखाली बोट ठेवून वाचत बसली होती. मराठी शाळेतली तिची एक पहिली झालेली आहे, पण तिला वाचता येत नाही असं ती दहा वर्षं सांगत आली. चहा गार झालेला. मला बघून तिने डोळे पुसले नाहीत, नाकच पुसलं.

"आई, खवट म्हणजे काय?"

मी प्रेसमधून दाण्यांची जुनी बरणी काढली आणि तिच्या नाकाखाली धरली. तिने तोंड वाकडं केलं. "ईऽऽ! आणि मी याला नॉट येट म्हणायचे?"

"तीन वर्षं म्हणत होतीस."

मग तिने कलम पाचवर बोट ठेवलं. "मेल्यावर कशाला? यू वोन्ट हिअर इट."

"मग उद्या बोल."

"उद्या डेक्लन असतो. ही'ल सॅक मी, मॅम."

"असतो. काढेलही."

ती गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेली आणि तासाभराने कॉन आणि प्रसन्न या दोघांना घेऊन आली. आता ती बाहेर गाडीत बसली आहे. ती उद्या काय करेल ते मला माहीत नाही. वासावरून कळत नाही.

मृत्यूचे शब्द मी खोडले आहेत, वर 'उद्या शनिवारी' असं लिहिलं आहे, आणि खोडलेल्या जागी आम्हा तिघांच्या सह्या आहेत. कलम तीनमधली बादली मी मरायची वाट न पाहता उद्याच परत करेन. अकरा वाजता सतराव्या पिंपापाशी मी हात मोकळे ठेवून उभी असेन.

माझ्यासमोर या दोघांनी आणि या दोघांसमोर मी, एकाच टेबलावर, एकाच पेनाने सही केली.

(सही) पद्मिनी गोविंद ठोंबरे

साक्षीदार १: कॉन डीगन, पिंपं बांधणारा. (मराठी वाचता येत नाही. सही करताना पाहिलं, एवढ्यापुरता साक्षी.)

साक्षीदार २: प्रसन्न वसंत केळकर, दुकानदार. (मराठी वाचता येतं. वाचलं.)

ठिकाण: पोर्टलीश, काउंटी लीश
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०१३, दुपारी सव्वातीन