उलटतपासणीला ये

प्रिय दादा,

हे पत्र तू हातात घेशील, पहिल्या चार ओळींत कुठे खोट सापडते का ते बघशील आणि नाही सापडली तरच पुढे वाचशील, हे मला इथे बसून दिसतंय. म्हणून आधीच कबूल करून टाकते की या पत्रात माझा स्वार्थ आहे. तो शेवटी सांगेन. तोवर तुला कंटाळा येऊ नये एवढी जबाबदारी माझी. तुझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं त्याला आता बरेच दिवस झाले. गाठ गेली, डॉक्टर खूश आहेत, जेवण नीट जातंय. आवाज मात्र परत येणार नाही, कुजबुजीवरच भागवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून तू ती कुजबुजही बंद करून टाकलीस. वहिनीशी खुणा, मुलांना मेसेज, आणि मी फोन केला की तू 'झोपलेला'. सकाळी केला तरी झोपलेला, भर दुपारी केला तरी झोपलेला. वहिनी बिचारी सरळ बाई, तिला खोटं बोलता येत नाही, प्रत्येक वेळी आधी खोकते. तू चिडला असशील तर चिड, पण तुझी आठवण येते रे. तुझ्याशी भांडल्याशिवाय आठवडा गेला असं माझ्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं.

माझं बरं चाललंय. आमची प्रयोगशाळा अजून तळघरातच आहे आणि अजूनही कोणाला तिथला रस्ता सापडत नाही. तू आला नाहीस कधी, म्हणून सांगते. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना जुनी टेबलं रचलेली, आणि टोकाला आमची खोली. खोलीच्या आत खोली. आतल्या खोलीच्या भिंती खास धातूच्या, एकावर एक थर दिलेल्या, आणि दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड. हा सगळा खटाटोप बाहेरचं चुंबकत्व आत येऊ नये म्हणून. आपलं हृदय धडधडतं तेव्हा त्यात वीज खेळते आणि विजेबरोबर इवलंसं चुंबकत्व तयार होतं. ते छातीच्या बाहेरही येतं, पण पृथ्वीचं जे चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरवतं, त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याइतकंच. लिफ्ट वर गेली की आमचे सेन्सर लिफ्टच सांगत बसतात, रस्त्यावरून ट्रक गेला की ट्रक सांगतात. या सगळ्या गोंगाटातून एका माणसाचं हृदय ऐकायचं, त्याला हातही न लावता, हे माझं काम. बिल्डिंगमध्ये मात्र मी अजून 'चुंबकवाली'च आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू परवा गुडघा पुढे करूनच उभ्या राहिल्या. मी बरं करत नाही, फक्त मोजते, असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांना रिकामं ताट वाढलं.

गंमत म्हणजे हे सगळं त्या चुंबकाच्या पट्ट्यामुळेच झालं. आपण दोघांनी मिळून लढवलेला तो दावा तुला आठवतच असेल. पट्टा बांधून हृदय बरं होतं असं सांगणारी ती कंपनी, आणि पट्ट्यावर विसंबून गोळ्या बंद करून बसलेले आपले अशील, ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. शरीरात मुळात चुंबकत्व असतं का, हे सांगायला आपण आणलेली साक्षीदार म्हणजे आमच्या बाई, माझ्या आताच्या मार्गदर्शक. तेव्हा त्या माझ्या बाई नव्हत्या, नुसत्या एक चष्मेवाल्या शास्त्रज्ञ होत्या आणि साक्षीदार म्हणून मला मुळीच पसंत नव्हत्या. मी त्यांना आठवडाभर पढवलं होतं. आणि कंपनीच्या वकिलाने विचारलं की या पट्ट्याचा काहीही परिणाम होत नाही असं तुम्ही शपथेवर सांगाल का, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही सांगणार. हा पट्टा मी मोजलेला नाही. न मोजलेलं मला माहीत नसतं." तू शेजारी बसून टेबलाखालून माझा पाय दाबलास. पण न्यायाधीशांनी मान वर केली आणि त्यानंतर बाईंचा एकेक शब्द त्यांनी लिहून घेतला. आपण जिंकलो. घरी येताना गाडीत तू निकालाबद्दल बोलत होतास आणि मी मनात घोळवत होते की 'माहीत नाही' हे इतकं निवांतपणे म्हणता येतं अशी नोकरी जगात आहे, आणि मला कोणी सांगितलं कसं नाही.

मी वकिली सोडते म्हटल्यावर तू महिनाभर तोंड फुगवून बसलास. सगळ्यांना सांगत सुटलास की धाकटीच्या डोक्यावर परिणाम झालाय, या वयात फिजिक्स शिकणार म्हणे, मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसणार. आणि प्रवेश परीक्षा तोंडावर आली तेव्हा रोज संध्याकाळी चेंबर बंद करून माझ्याकडे येऊन बसलास तोही तूच. तुला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुस्तक हातात धरायचास आणि मी काही सांगितलं की विचारायचास, "हे कशावरून?" मी उत्तर दिलं की पुन्हा तेच. तिसऱ्या 'कशावरून'ला मी अडायचे आणि तू खूश होऊन खारे दाणे तोंडात टाकायचास. मी पास झाले ती त्या 'कशावरून'मुळे. हे मी बाईंना सांगितलंय, वहिनीला सांगितलंय, अख्ख्या प्रयोगशाळेला सांगितलंय. तुलाच सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं.

आता माझी फजिती ऐक. माझ्या प्रबंधाचा विषय आहे घाबरलेल्या माणसाचं हृदय. त्या जाड दाराच्या खोलीत एकट्याने पडून राहायचं म्हटलं की काही लोक घाबरतात, काही मजेत झोपतात. दोघांच्या नोंदी घ्यायच्या आणि काही फरक दिसतो का बघायचा. मी नोंदी घेतल्या आणि फरक असा दिसला की डोळेच दिपले. घाबरलेल्या प्रत्येकाच्या नोंदीत एक बारीक, थरथरती लहर होती आणि धीट लोकांच्या नोंदीत तिचा पत्ता नव्हता. मी हवेत. बाईसुद्धा दोन दिवस गप्प होत्या, आणि बाई गप्प म्हणजे बाई खूश. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं की घाबरलेल्यांच्या खोलीत असं काय होतं, जे धीट लोकांच्या खोलीत नव्हतं. मी विचार करकरून थकले. आणि मग उजेड पडला. मी होते, दादा. इतकी वर्षं अशिलाशेजारी उभं राहायची सवय. कोणी घाबरलेलं दिसलं की मी दाराबाहेर थांबायचं सोडून आत जायचे आणि त्याच्या कानाशी वाकून काही होत नाही हो, झालंच आता, असं बोलत राहायचे. खिसे रिकामे, अंगावर धातूचा कण नाही, सगळे नियम पाळलेले. पण माझ्या मागच्या दाढेला ती जुनी धातूची टोपी आहे ना, ती कोणाच्या लक्षात येणार? मी बोलायचे, जबडा हलायचा, टोपी हलायची आणि सेन्सर इमानेइतबारे माझी बडबड लिहून घ्यायचे. खात्री करायला बाईंनी मला रिकाम्या पलंगाशी नेऊन उभं केलं. मी पलंगाला वाकून धीर दिला आणि बाहेर पडद्यावर तीच लहर हजर. पलंगाला हृदय नाही एवढंच. सगळे हसून हसून लोळले, मीही हसले, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. दीड वर्षाचं काम माझ्या दाढेने खाल्लं होतं.

टोपी बदलून घेतली. आता चिनी मातीची बसवलीय, फार छान दिसते. सगळ्या नोंदी पहिल्यापासून पुन्हा घेतल्या, मी दाराबाहेर, तोंड बंद. आणि दादा, या वेळीही काहीतरी उरलंय. ती लहर नाही, वेगळंच, फार बारीक. घाबरलेल्यांमध्ये आहे, धीट लोकांमध्ये नाही. मी ते उलटंसुलटं करून तपासलं, बाईंनी तपासलं, आणि हळूहळू आम्हा दोघींना ते पटायला लागलंय. माझी झोप उडालीय ती नेमकी त्यामुळे. आपल्याच गोष्टीच्या प्रेमात पडलेला अशील किती धोक्याचा असतो हे तू मला कोटाची बटणं लावायला शिकवलीस तेव्हापासून सांगत आलायस. आज तो अशील मीच आहे. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे आणि बाहेरून येणारे परीक्षक दयामाया दाखवणारे नाहीत. गेल्या वेळी दाढ होती. या वेळी काय आहे, हे मला दिसत नाही. काहीच खोट नसेल तर ते खरं आहे, आणि मग मी इतकी वर्षं उगाच नाही घालवली. पण ते मी माझ्या मलाच सांगून चालणार नाही.

काल वहिनीचा फोन आला होता. या वेळी ती खोकली नाही, रडली. तू चेंबरच्या दारावरची पाटी उतरवायला माणूस बोलावलायस असं म्हणाली. वकिलाचा आवाज गेला म्हणजे वकील संपला, असं तू तिला कागदावर लिहून दाखवलंस म्हणे. पत्र लिहायला बसले ते त्यासाठी. पाटी तुझी आहे, ठेव नाहीतर काढ, पण ते वाक्य मला मान्य नाही. तू कोर्टात कधी आवाज चढवलायस? समोरचा वकील ओरडून थकला की तू उठायचास आणि इतक्या हळू विचारायचास की न्यायाधीश पुढे झुकायचे, कारकून लिहायचं थांबवायचा आणि साक्षीदाराला घाम फुटायचा. त्यात आवाज कुठे होता? होते ते प्रश्नच होते. येत्या शनिवारी प्रयोगशाळेत माझ्या परीक्षेची रंगीत तालीम आहे. समोर एक बाहेरचा माणूस बसवायचा असतो, ज्याला विषय कळत नाही पण खोट कळते. बाईंना मी तुझं नाव दिलंय आणि त्या हो म्हणाल्यात. आपण दोघं जन्मभर एकाच बाजूला उभे राहिलो, समोरासमोर कधीच नाही. ये आणि मला पाड. मी पडले तर परीक्षेच्या आधी पडेन, आपल्या माणसाच्या हातून. मी दया म्हणून बोलावत नाहीये हे तुला कळेलच, कारण घाबरलेली मी आहे. आणि यायचं नसेल तर तसं स्वतः फोन करून मला तोंडाने सांग. मेसेज चालणार नाही, वहिनीचा निरोप ग्राह्य धरला जाणार नाही. कुजबुजत 'नाही' म्हणालास तरी मी ऐकेन, आणि मग विचारेन, कशावरून.

तुझीच,
घाबरलेली धाकटी