छत्रीवालीच्या एकोणीस चुका

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कुणाच्याही वाचनासाठी नाही. माझ्या डोक्यात जे चालतं ते समजण्याच्या लायकीचं माणूस घरात नाही, प्रेसमध्ये तर नाहीच नाही.

काल धाकटीचा फोन आला (शिकायला परगावी असते). सहज म्हणालो, हल्ली वाचण्यासारखं कुणी काही लिहीत नाही. तर तिने लगेच एक लिंक पाठवली. म्हणाली, बाबा, ही साधी माणसं आहेत, आपापल्या छंदांवर ब्लॉग लिहितात, जाहिराती नाहीत, काही विकायचं नाही, बघा तरी एकदा.

यादीत दोनशे बारा ब्लॉग. म्हणजे दोनशे बारा रिकामटेकडे.

३ मार्च
पाहणी सुरू. दातांचा एक डॉक्टर भिंतीवरच्या शेवाळाची चित्रं काढतो. (पेशंट बहुधा येत नसावेत.) एक बाई बागेतल्या बाकांना दहापैकी गुण देते. एक निवृत्त सर्व्हेअर सात वर्षं घरासमोरचं एकच डबकं मोजतोय. लांबी, रुंदी, खोली. परवाची खोली साडेचार सेंटिमीटर. खाली अकरा जणांनी अभिनंदन केलंय. डबक्याचं की त्याचं, कळायला मार्ग नाही.

प्रेसमध्ये बाइंडरला सांगितलं. वाटलं, हसेल. तर विचारतो, भर पावसात किती भरतं हो?

५ मार्च. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत
निर्णय झाला. या लोकांना कुणीतरी जागेवर आणायला हवं, आणि ते कोण आणणार हे उघड आहे. एकतीस वर्षं मी प्रूफं तपासतोय. मिक्सर, पंखा, गीझर, इस्त्री यांच्याबरोबर खोक्यात जी माहितीपत्रकं येतात ती माझ्या नजरेखालून जातात. दुसऱ्याची चूक दिसणं ही देणगी असते. ती कमावता येत नाही.

टोपणनाव घेतलं: परखड. रोज पाच ब्लॉग, पाच कमेंटी. श्रीगणेशा डबक्यावर: "एकाच परिच्छेदात डबके आणि डबकं. आधी काय मोजतो आहोत ते ठरवा."

संध्याकाळी उत्तर. "आभारी आहे, दुरुस्त केलं." अरे, भांड तरी! कणाच नाही लोकांना.

८ मार्च, रविवार
आज मोठी शिकार. एक बाई जुन्या छत्र्या दुरुस्त करते आणि प्रत्येक छत्रीवर पोस्ट लिहिते. एकशे त्रेसष्ट छत्र्या झाल्या. छत्री कुणाची, कशी मोडली, मालकाने किती वर्षं टाकली नाही आणि का टाकली नाही, असलं सगळं पाल्हाळ. ताज्या पोस्टमध्ये एकोणीस चुका काढल्या. ऱ्हस्वदीर्घाच्या चौदा, विरामचिन्हांच्या चार, तांत्रिक एक. ती म्हणते, वाकलेली काडी झटक्यात सरळ करू नये, थोडी थोडी करावी. मी लिहिलं, हे अशास्त्रीय आहे, धातूला भावना नसतात.

तिचं उत्तर: "परखडजी, अठरा मान्य. एकोणिसावीबद्दल विचारते, तुम्ही आजवर कोणती छत्री दुरुस्त केलीत?"

उद्धट बाई.

११ मार्च
हिची, म्हणजे बायकोची, निळी छत्री माळ्यावरून काढली. एक काडी वाकलेली. झटक्यात सरळ केली. मोडली. शेजारची काडी आधार म्हणून तारेने बांधली. छत्री उघडली. अत्यंत उत्तम उघडली. फोटो काढला.

बंद होत नाही.

१२ मार्च
छत्री अजून उघडीच. दारातून तिरकी केल्याशिवाय जात नाही. पलंगावर ठेवली तर झोपता येत नाही, म्हणून न्हाणीघरात टांगली. आंघोळ छत्रीखाली. ही म्हणाली, अहो, ती माझ्या पहिल्या पगाराची छत्री होती. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसली ही, पहिल्या पगाराचं काय काय घेतलं हे मला कसं माहीत असणार? मी म्हणालो, आधी सांगायचंस. ती म्हणाली, आधी विचारायचंत.

हा सगळा दोष त्या छत्रीवालीचा. माणसाला डिवचलं नसतं तर हे झालंच नसतं.

१५ मार्च, रविवार
हिने मला न विचारता छत्रीवालीला मेल केली (लिंक धाकटीने दिली). फोटोसकट! बाईने पाच मुद्द्यांत उत्तर पाठवलं. हिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, पक्कड आणि जाड दोरा घेऊन, दीड तासात छत्री बंद केली. मग उघडली. मग बंद केली. उगाचच चारपाच वेळा.

पाचात तीन मुद्दे तर मी स्वतःच सुचवणार होतो.

१८ मार्च
ही आता ब्लॉग वाचते. भाजी चिरताना मधेच हसते. विचारलं, काय झालं? म्हणाली, डबकं आटलं, त्यांना करमत नाहीये. यात हसण्यासारखं काय आणि वाचण्यासारखं काय? छत्रीवालीला आता छत्रीताई म्हणते. मी सांगितलं, त्या बाईच्या लिखाणात एकोणीस चुका होत्या. ही म्हणाली, हो, छत्रीताईंनी सांगितलं, कुणी एक परखड आहेत, बिचारे एकटे असावेत.

हिला अजून ठाऊक नाही. आता सांगण्यात अर्थही नाही.

२० मार्च. सकाळी ६.४०
टीका पुरे. उदाहरण घालून द्यायला हवं. माझा स्वतःचा ब्लॉग काढणार. एकही चूक नसलेला, भाषेतला पहिलाच. संकल्प: आठवड्याला तीन लेख, वर्षअखेर दीडशे, मग पुस्तक.

सकाळी ७.५०
फॉर्म भरतोय. नाव, ईमेल झालं. तिसरा रकाना: तुमच्या आवडीचा विषय.

सकाळी ८.२५
'सर्व' लिहिलं. फॉर्म म्हणतो, कृपया एक विषय लिहा.

सकाळी ८.३०
प्रेसला उशीर होतोय. विषय हा शेवटी तपशील आहे.

२४ मार्च
गेले तीन दिवस विषयाचा शोध. शेवाळ: घेतलेलं. बाक: घेतलेले. टपऱ्यांवरचे फलक, जुन्या किल्ल्या, लिफ्टचे आवाज: सगळं कुणी ना कुणी बळकावलंय. दुसऱ्यांसाठी काही शिल्लक ठेवायचं म्हणून नाही. धाकटीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला काय आवडतं त्यावर लिहा ना. मी म्हणालो, बघ, तेच विचारतोय. ती म्हणाली, आईला विचारा. हिला विचारलं. ही छताकडे बघत म्हणाली, पूर्वी तुम्ही शीळ छान घालायचात.

शीळ! ब्लॉगवर शीळ कशी लिहिणार?

२७ मार्च
प्रेसमध्ये एक क्षुल्लक घटना. गीझरच्या माहितीपत्रकात "साफसफाईपूर्वी वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करावी" याऐवजी "सुरू असल्याची" असं गेलं. चार हजार प्रती छापून झाल्या. घड्या घालताना बाइंडरच्या लक्षात आलं. तोवर बाराशेंच्या घड्या झालेल्या. माल बाहेर गेला नव्हता, म्हणजे नुकसान फक्त कागदाचं.

छोट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस. म्हणाले, काका, हे प्रूफ तुम्ही वाचलंत? मी म्हणालो, सही माझीच आहे. म्हणाले, सही दिसतेय, वाचलंत का? त्या दिवशी लिफ्टच्या आवाजवाल्याशी माझा वाद चालू होता, तो शास्त्रीय मुद्द्यावर होता, मधेच सोडणं शक्य नव्हतं. पण हे केबिनमध्ये कसं सांगणार? म्हणालो, नजरचूक. म्हणाले, काका, कुणीतरी मेलं असतं हो.

हे शब्द लिहायची गरज नव्हती. लिहिले आहेत.

३० मार्च
नवी व्यवस्था. माझं प्रत्येक प्रूफ यापुढे बाइंडर दुसऱ्यांदा वाचणार. थोडक्यात, माझ्या हाताखाली माणूस दिला.

संध्याकाळी
बाइंडरने पहिल्याच प्रूफात दोन चुका काढल्या. लाल पेनने. पेन माझं.

५ एप्रिल, रविवार
ही सकाळच्या गाडीने छत्रीताईच्या गावी गेली. बाकवाली पण येणार होती म्हणे, आणि डबकेवाले, सपत्नीक. मलाही चला म्हणाली. मी म्हणालो, मला कामं आहेत. कामं: ब्लॉगचा विषय. दिवसभर टेबलाशी बसलो. 'विषय' हा शब्द उत्तम अक्षरात चार वेळा लिहिला गेला.

संध्याकाळी ही परत आली. चेहरा उन्हाने रापलेला. चपला काढता काढता बोलत होती, मी पेपर वाचत असूनही बोलत होती. सगळ्यांनी मिळून बाकांना गुण दिले, डबकेवाल्यांच्या बायकोने हिला मिठी मारली, छत्रीताई थोडी लंगडते, पण जिने चढते. मग थांबली आणि म्हणाली, परखड म्हणजे तुम्हीच ना? छत्रीताई म्हणाल्या, 'धातूला भावना नसतात' असं लिहिणारा माणूस घरी कसा बोलत असेल कोण जाणे. मला लगेच आवाज ओळखू आला.

मी म्हणालो, लेखी वाक्याला आवाज नसतो.

ही म्हणाली, असतो. मी सव्वीस वर्षं तेवढंच काम केलंय.

१३ एप्रिल
धाकटीचा फोन. बाबा, आईचा ब्लॉग वाचलात? मी म्हणालो, कुणाचा?

सात पोस्टी झाल्यात. विषय: बोर्डावर बसून ऐकलेले आवाज. रोज संध्याकाळी सहाला फोन करून फक्त वॉर्ड नंबर सांगणारा एक माणूस. बायको गेल्यावरही आठ दिवस तो नंबर सांगायचा आणि ही काही न बोलता जोडून द्यायची, तिथे नर्स उचलायची आणि त्याला हवापाणी सांगायची. एक बाई चुकीचा नंबर लागला तरी आधी तब्येत विचारायची. असं बरंच. खाली चौतीस कमेंटी.

हे सगळं ही कधी बोलली नाही. किंवा बोलली असेल.

पाचव्या पोस्टमध्ये एक ओळ आहे: "आमच्या घरी फोन घेतला की एक आवाज 'काय आहे?' असं विचारतो. फोन कुणाचाही असो." तीस जणांना ही ओळ आवडली. 'काय आहे?' हा साधा प्रश्न आहे. प्रश्नचिन्ह आहे पुढे.

१६ एप्रिल
सातही पोस्टी लाल पेन घेऊन वाचल्या. प्रिंट काढून. तीन तास.

एकही चूक नाही.

पुन्हा वाचल्या. वॉर्ड नंबरवाल्यावर पेन ठेवून दिलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा, अक्षरं नीट दिसेनात.

हिला विचारलं, प्रूफ कुणी तपासलं? मी आहे ना घरात. म्हणाली, छत्रीताई बघतात, त्या अठरा चुकांनंतर त्यांनी व्याकरणाचं पुस्तक आणलंय. म्हणजे पाहायला गेलं तर श्रेय माझंच.

१८ एप्रिल
हिच्या ब्लॉगवर कमेंट लिहायचं ठरवलं. टोपणनाव नको, खऱ्या नावाने. मसुदे:
"लेखन बरे." (कोरडं.)
"मला हे माहीत नव्हतं." (चारचौघांत कशाला?)
"वॉर्ड नंबरवाल्याचं वाचून" (पुढे सुचलं नाही.)

२२ एप्रिल. सकाळी ७.००
शेवटी पाठवली: "वाचलं. चुका नाहीत." एकतीस वर्षांत हे मी कुणालाही लेखी दिलेलं नाही. बटण दाबल्यावर पाटी आली: तुमची टिप्पणी लेखिकेच्या मंजुरीनंतर दिसेल.

ही शेजारच्या खोलीत होती. फोन वाजला. तिने बघितला, पालथा ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

२६ एप्रिल, रविवार
चार दिवस झाले. कमेंट दिसत नाही. स्वयंपाकघरात तीनदा पाणी प्यायला गेलो. चौथ्यांदा विचारलं, ती मंजुरीची भानगड कशी असते ग? म्हणाली, हल्ली फार येतात, एकेक नीट वाचून मंजूर करते, काही लोक उगाच खोडी काढतात ना. आधी आलेल्या आधी.

मी म्हणालो, मग माझी?

तिने फोन बघून मोजलं. म्हणाली, अठरावी.

म्हणजे पहिल्या विसांत.