एक तास येऊन बसा

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी, भांडी झाल्यावर

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात, तिथे लिहिते आहे. पुढे दूध आणि किराणा, मागे मी. कागद वाया जाऊ नये.

वरच्या मजल्यावरची स्पृहा आली होती. चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या परीक्षेचं काम म्हणजे चित्र नाही, जिवंत माणसं. कर्वे रोडच्या मागे एक हॉल घेतलाय. तिथे पाच दिवस, अकरा ते पाच, साधी माणसं आपापलं रोजचं काम करणार आणि लोक ते बघायला येणार. याला लाइव्ह परफॉर्मन्स म्हणतात म्हणे. एक चपला शिवणारे आहेत, एक आयटीतला मुलगा आहे, पोळ्यांसाठी तिला मी हवी आहे. प्रत्येकासमोर एक खुर्ची. ज्याला बघायचं त्याने बसायचं. बोलायचं कुणी नाही.

मी खूप आढेवेढे घेतले. ती दुसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात हो म्हटलं. पोरीला उगाच ताटकळत ठेवू नये.

मला कुणी बघावं अशी मुळीच हौस नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, कुणी बघितलं नाही, काही बिघडलं नाही. केवळ तिच्या मार्कांसाठी.

फक्त हे एकदा तासभर येऊन बसले तर बरं होईल. 'दिवसभर घरीच तर असतेस' हे वाक्य दिवाळीत तीनदा झालं, त्यात एकदा भाऊबीजेला माझ्या भावासमोर. एकच तास. त्याहून जास्त अपेक्षा नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

यांना सांगितलं. हे खडकीच्या फॅक्टरीतून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, त्यामुळे वेळच वेळ आहे. पेपर खाली न करता म्हणाले, पोळ्या बघायला वारज्याहून कर्वे रोडला? मला इथे घरपोच मिळतात.

मी मनावर घेतलं नाही. विनोद केला म्हणजे माणूस राजी आहे.

मग हिशेब केला. दिवसाला सरासरी वीस धरल्या तर छत्तीस वर्षांत दोन लाख बासष्ट हजार आठशे पोळ्या. माहेरपणाचे दिवस वजा केले नाहीत, कारण तिथेही मीच करायचे. आकडा यांना ऐकवला. म्हणाले, तेव्हाच मोजून घ्यायला हव्या होत्या, आता काय पुरावा.

आकडा डोक्यात बसला आहे, हे नक्की.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

निश्चय. एक, पाचही दिवस शांत चेहरा. दोन, दरवाज्याकडे बघायचं नाही. तीन, पोळपाट-लाटणं आपलंच. स्पृहाने नवीन आणलं होतं, परत करायला लावलं. नव्या पोळपाटावर पोळी परक्यासारखी वागते.

अन्नपूर्णेला सांगून ठेवलं आहे. दुसरं काही मागितलं नाही. बुधवार ते रविवार, यातला कुठलाही दिवस चालेल, एवढंच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहिला दिवस. थोडा गैरसमज झाला. चूक माझी नाही.

पहाटे साडेचारला उठून यांच्या पोळ्या, भाजी, संध्याकाळचा वरण-भात, सगळं झाकून ठेवलं आणि साडेआठलाच हॉलवर पोचले. बघायला लोक येणार म्हणजे पाहुणेच की. पाहुणे दारात आणि आपले हात कणकेत, असं आमच्याकडे कधी झालं नाही. म्हणून भराभर आवरलं. चाळीस पोळ्या केल्या, डब्यात फडक्याखाली ठेवल्या, पोळपाट धुतला, शेगडी पुसली, फरशीसुद्धा. अकराला पाच कमी असताना पदर सारखा करून बसले.

अकराला लोक आले. मी बसलेली. सगळं चकाचक. एका बाईंनी समोरच्या खुर्चीत बसून दहा मिनिटं माझ्याकडे बघितलं, मग मी त्यांना पाणी हवं का विचारलं.

स्पृहा धावत आली. काकू, काम कुठे आहे? म्हटलं, झालं. ती म्हणाली, पण तेच तर दाखवायचं होतं. म्हटलं, अगं, लोकांसमोर पसारा कसा काढायचा?

शेजारी संपत बसतात. चपला शिवतात, मूळचे खेड्यातले. म्हणाले, ताई, मी जर सगळ्या चपला घरूनच शिवून आणल्या तर इथं काय आरती करू?

बोलायचं नाही हा नियम त्यांनीच आधी मोडला, हे नोंदवून ठेवते.

हे आज येणार नव्हतेच. पहिल्या दिवशी गर्दी असते. सात माणसं आली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज सगळं काम राखून ठेवलं. फार अवघड गेलं. कणकेचं पीठ समोर आणि आपण अकरा वाजायची वाट बघतोय, जीव नुसता वरखाली.

दुसरं म्हणजे, आज अबोली रंगाची पैठणी नेसले होते. लेकाच्या लग्नातली. रोजचंच काम आहे, पण म्हणून रोजची साडी कशाला? स्पृहाचा चेहरा जरा पडला. तिला रंग आवडला नसावा.

अकराला एक गृहस्थ समोर बसले. डोळे माझ्या लाटण्यावर. आणि पोळी गोल येईना. अंधारात, वीज गेलेली असताना, तापात, लेक कडेवर घेऊन गोल पोळ्या केल्या आहेत. इथे पहिलीचा आकार खडकवासल्याच्या धरणासारखा. दुसरी फाटली. तिसरी फुगली पण तव्यावर मी तिच्याकडेच बघत बसले आणि करपली. गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेगडी विजेची आहे, दोष तिचा. हॉलमध्ये गॅस चालत नाही.

पैठणीवर तेलाचे दोन डाग. काठावर नाहीत, हे देवाचं लक्ष.

संध्याकाळी घरी आले तर हे म्हणाले, तू नव्हतीस तरी माझं काही अडलं नाही, उगाच काळजी करत बसू नकोस. ताटात वाढलेलं होतं, ते जेवले. किती समजून घेतात. उद्या चारला येतो म्हणाले.

म्हणजे नेमकं 'बघू' म्हणाले. पण चारचं मीच म्हटलं आणि ते नाही म्हणाले नाहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चारसाठी योजना होती. साडेतीनपर्यंत साध्या पोळ्या. मग कणीक नव्याने तिंबायची, म्हणजे त्यात किती जोर लागतो ते दिसेल. मग डाळ निवडायची, कारण त्यात डोळे किती लागतात ते दिसेल. मग पाच पदरांच्या घडीच्या पोळ्या, एकामागून एक फुगलेल्या. पावणेपाचला ओटा आवरणं. सगळं तासाभरात बसतं. घरी दोनदा करून बघितलं होतं, त्यामुळे पहाटे यांचा चहा राहिला. असो.

चार वाजले. साडेचार वाजले. कणीक ओलं फडकं टाकून धरून ठेवली. खुर्चीवर दोन कॉलेजच्या मुली बसायला आल्या, त्यांना म्हटलं, कुणीतरी येणार आहे. स्पृहाने खूण केली, काकू, खुर्ची राखून ठेवता येत नाही. म्हटलं, मी काही राखून ठेवली नाही, फक्त पिशवी ठेवली आहे.

पाचला बंद झालं. कणीक काळी पडली होती.

संपत हत्यारं आवरता आवरता म्हणाले, ताई, तुमचं ध्यान सगळं दाराकडं हाय. लाटणं हातात अन् नजर रस्त्यावर. असं मी केलं असतं तर आतापत्तुर अंगठा गेला असता.

मी म्हटलं, वारा बघत होते.

यांना आज बँकेत केवायसीला जावं लागलं. आधीच ठरलेलं होतं म्हणे. बँकेचं काम टाळता येत नाही. घरी येऊन बघते तर झोपेतून उठत होते, म्हणजे रांगेत किती दमले असतील.

शनिवार, १५ नोव्हेंबर. एकादशी

उपास. साबुदाण्याचा एक घासही न खाता दुसऱ्यांसाठी साठ पोळ्या केल्या. इथल्या पोळ्या संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहात जातात, त्यामुळे पुण्यच आहे.

आज गर्दी होती. आयटीतला पुष्कर लॅपटॉप घेऊन बसतो, त्याच्यासमोर कुणी बसत नाही. लोक म्हणतात, हेच करून तर सुट्टीला आलोय. संपतकडे मात्र कायम पाच-सात जण. ते डोकं वर काढत नाहीत. एका बाईंनी त्यांना विचारलं, तुम्हाला असं सगळ्यांनी बघितलेलं कसं वाटतं. ते म्हणाले, बाई, तुटकी चप्पल असंल तर द्या.

दुपारी मी एका कुटुंबाला जरा समजावून सांगितलं की पोळी म्हणजे नुसतं लाटणं नाही, तर गहू आणणं, ऊन दाखवणं, निवडणं, गिरणीत रांग लावणं, डबे धुणं. बोलता बोलता वीस मिनिटं झाली. त्यातला मुलगा रडायला लागला. भूक लागली असावी. पोळी-गूळ दिला. मग बाकीच्यांनीही मागितला. मग रांग लागली. दारात आलेला उपाशी कसा पाठवायचा? स्पृहा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. उद्या दुपारी तिचे परीक्षक येणार आहेत. हात जोडून म्हणाली, काकू, उद्या फक्त काम करा. घरी करता तसं. बाकी काही नको.

तिचा आवाज बसला होता. थंडीचे दिवस आहेत.

उद्या शेवटचा दिवस.

यांना रात्रीचं ताट वाढताना म्हटलं, उद्या शेवटचं. हे म्हणाले, हं.

आजपर्यंत 'बघू' होतं. 'हं' म्हणजे होकारच.

रविवार, १६ नोव्हेंबर

घरचीच सुती साडी नेसले. दुपारी दोनला परीक्षक आले, दोन पुरुष, एक बाई. समोर उभे राहिले. मी मळत होते. हात चालत नव्हते. मनातल्या मनात विष्णुसहस्रनाम सुरू केलं, दोन ओळी सलग आठवेनात. त्यातल्या बाई खुर्चीत बसल्या. मग उठल्या. तिघं संपतकडे गेले आणि तिथेच थांबले.

साडेतीन झाले. आता कुणी येत नाही असं मी ठरवून टाकलं. खरंच ठरवलं. दरवाज्याकडे बघितलं नाही. आणि पोळ्या गोल यायला लागल्या. एक, दुसरी, तिसरी. फुगली, उलटली, तेल, घडी, डबा. कुणी बसलंय, कुणी उठलंय, काही कळत नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे.

हातातलं लाटणं थांबू दिलं नाही. यांनी खुर्ची ओढून माझ्या पोळपाटाच्या टेबलाला लावली, पिशवी पायाशी ठेवली, चष्मा बदलला, पिशवीतून सकाळचा पेपर काढला आणि म्हणाले, वाढ.

बोलायचं नव्हतं, मी बोलले नाही. ताट नव्हतं, डब्याच्या झाकणात वाढलं. पोळी-गूळ. आतल्या पानावरचं कोडं सोडवत जेवले. झाकण रिकामं झालं की डावा हात न बघता पुढे यायचा, मी पोळी ठेवायचे. आजूबाजूला माणसं गोळा झाली. परीक्षकही आले. पाचवी पोळी झाली, हे म्हणाले, मीठ कमी आहे. झाकणातच हात धुतला, माझ्या पदराला पुसला, पेपरची घडी घातली आणि गेले.

मग टाळ्या वाजल्या. बराच वेळ. परीक्षक बाई डोळे पुसत होत्या. मी नमस्कार करणार तेवढ्यात लक्षात आलं की सगळे दरवाज्याकडे बघताहेत.

स्पृहा माझे दोन्ही हात धरून म्हणाली, काकू, काकांची तालीम कधी घेतलीत? म्हटलं, छत्तीस वर्षं चालू आहे. ती हसली. तिला पैकीच्या पैकी मार्क मिळतील असं दिसतंय, म्हणजे माझा उद्देश सफल झाला. मी याच्याचसाठी केलं होतं.

निघताना अभिप्रायाची वही वाचली. 'काकांचं काम सर्वांत नैसर्गिक. एकदाही वर बघितलं नाही, कमाल संयम.' खाली सहा-सात जणांनी 'सहमत' लिहिलं होतं. संपतबद्दल दीड पान. माझ्याबद्दल एकाने लिहिलं आहे, 'गूळ छान होता.'

संपतनी माझ्या चपलेचा अंगठा न सांगता शिवून ठेवला होता. म्हणाले, ताई, तुमच्या पोळ्या मी बघितल्या हो. शेवटच्या पन्नास. त्यांचं काय एवढं, ते शेजारीच बसतात.

सात वाजता घरी. हे टीव्हीसमोर. एक तास नाही, पण वीस मिनिटं तरी बसले होते, आणि घरी चार खातात, तिथे पाच खाल्ल्या. ते काही न पाहता होत नाही. म्हणून मीच विचारलं, काय मग, कसं वाटलं?

हे म्हणाले, अगं, मी जरा लवकरच आलो बहुतेक. तुझा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. तू तर पोळ्याच करत होतीस.

मी म्हटलं, हो, नंतर झाला.

म्हणाले, बरा झाला का?

म्हटलं, बरा झाला.