दिवसाढवळ्या लाईट

राजूर,
श्रावणातली एक दुपार

प्रिय राहील यास,

सरवरीआपाचा सलाम आणि पोटभर दुआ. तू, भावजय अफ्रीन आणि वायरींच्या जाळ्यात अडकलेलं तुझं दुकान, तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. तिसगावला पाऊस आहे का? इकडचं विचारू नकोस. इकडं पाऊस मुक्कामालाच असतो, आम्हीच त्याच्याकडं पाहुणे. तुझे दुल्हेभाई बरे आहेत, कंबर आहे तशीच, गाडी चालवणं बंदच. दिवसभर खिडकीपाशी बसून बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवतात आणि माझ्याशी बेतानं बोलतात. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तिकडं तू एका हातानं हॉर्न तपासत असतोस आणि इकडं यांचे डोळे खिडकीबाहेर असले तरी कान घरात असतात. म्हणून पत्र.

विषय तू माझ्या दुचाकीला बसवलेल्या लाईटचा आहे. (तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण सांगताना मला बरं वाटतं.) शेंडी गावाच्या अलीकडं भर दुपारी धुक्यातून तो टेम्पो आला आणि त्यानं मला गाडीसकट भाताच्या खाचरात बसवलं. मी चिखलात, हिरव्या बांगड्यांची पेटी छातीशी धरून, आणि टेम्पोवाला वरून हात जोडून म्हणतो, बाई, तुम्ही दिसलाच नाहीत. माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईला असं म्हणणारा माणूस जगात दुसरा नसेल. लागलं फारसं नाही, पण ते वाक्य लागलं. मग बकरीदला तू आलास, जेवलास आणि जो गाडीपाशी बसलास तो मगरिबची अजान होईपर्यंत. पुढचा पिवळट दिवा जाऊन पांढरा एलईडी आला, खाली गार्डला दोन बारके, मागं लालभडक. वर मला समजावलंस की आपा, ही लाईट तुला रस्ता दिसावा म्हणून नाही, तू रस्त्याला दिसावीस म्हणून आहे. आणि बटणच काढून टाकलंस. किल्ली फिरवली की लाईट चालू. बटण ठेवलं तर लोकांच्या सांगण्यावरून मी बंद करीन म्हणालास. (आपल्या आपाला तू फारच ओळखतोस.)

तर ते लोक. राजूरच्या बाजारातून निघाले की समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताची मूठ उघडतो, मिटतो. लाईट चालू, लाईट चालू. दूधवाला, एसटीचा ड्रायव्हर, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई. नव्या गाड्यांचे दिवे जन्मापासून चालूच असतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण या जुन्या गाडीला आणि तिच्यावरच्या बाईला शिकवायला अख्खा अकोले तालुका तयार. एका म्हाताऱ्यानं तर मला खूण करायला बैलांचा कासरा सोडला आणि बैल दुसऱ्याच्या भाताच्या आवणात शिरले. तळ्यापलीकडच्या वाडीतली बनुबाई दर फेरीला बजावते, "अगं सरवरी, बॅटरी उतरंल तुजी. मंग ढकलत नेशील व्हय?" आधी मी ओरडून उत्तर द्यायचे, मग नुसती मान हलवायला लागले. मग मला ते आवडायलाच लागलं. धुक्यात माणूस दिसत नाही रे, नुसता हात दिसतो, पाखरासारखा उघडमीट करणारा. असे हात येत जातात आणि मागं विरतात. अख्खा रस्ता मला सलाम करतोय असं वाटतं. यांच्या मागं बसून मी याच रस्त्यानं किती वर्षं गेले, तेव्हा कुणी हात केला नव्हता.

आता पंचमीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. वाड्यावाड्यांतल्या बाया बांगड्यांची वाट बघत होत्या, म्हणून निघाले. भंडारदऱ्याचं तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. हँडलवरचे माझेच हात मला दुसऱ्या कुणाचे वाटत होते. पुढं दिव्याचा पांढरा गोळा, त्यात थेंब तरंगताहेत, आणि मी त्यांच्यामागं चाललेय. गाडी चालते की स्वप्न चालतं, सांगता येईना. मागं काहीतरी घरघरत होतं, मला वाटलं पाणी असेल. बनुबाईच्या अंगणात शिरले, गाडी बंद केली, मागं वळून बघते तर पुण्याच्या पाहुण्यांची मोटार, तिच्यामागं दुधाची जीप, तिच्यामागं खताचा टेम्पो, सगळे ओळीनं अंगणात उभे. बनुबाईच्या कोंबड्या छपरावर. मोटारीतल्या बाई काच खाली करून विचारतात, हॉटेल हेच का? त्यांना रस्ता दिसत नव्हता, माझा मागचा लाल दिवा दिसत होता, म्हणून सगळे माझ्यामागं आले होते.

बनुबाईला कुणाचंच कोडं पडलं नाही. तिनं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं आणि सगळ्यांना कोरा चहा दिला. धुकं घरात येऊन बसलं होतं, चुलीचा धूर त्यात मिसळला होता, आणि मी ओटीवर पेटी उघडली. वाडीतल्या बाया आल्या, पुण्याच्या बाईंनीही हात पुढं केला. दूधवाला चुलीपाशी डुलकी घेत होता. कुणाला कुठं जायचं होतं ते सगळेच विसरले होते. नंतर मीच सगळ्यांना सडकेवर नेऊन सोडलं, माझ्या लाईटीमागं.

मी घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. तुला ठाऊक आहे, यांनीच मला बाजाराच्या मैदानात गाडी शिकवली, पण मी हँडल धरलं त्या दिवसापासून रस्त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. वळणावर पाणी होतं का? आंब्याचं झाड पडलंय म्हणतात, खरं का? बनुबाई म्हातारी झाली का? मी सांगत राहिले. जेवण झालं, भांडी झाली, तरी म्हणाले, मोटारीचं पुन्हा सांग.

बाकी सर्व ठीक. अम्मीच्या कबरीवर माझ्याही नावानं फुलं वाहा. अफ्रीनचा हात मोजून पाठव, तिच्या जोगत्या बांगड्या बाजूला ठेवल्यात.

तुझी,
सरवरीआपा

ता. क. : एवढं सगळं लिहिलं, पण खरं काम वेगळंच आहे. राहील, ती लाईट बंद करायचं बटण परत बसवून दे. मी यांना मागं बसून चला म्हटलं. दोऱ्यात बांगड्या ओवता ओवता म्हणाले, "येईन. पण ती लाईट बंद ठेव. बायकोच्या मागं बसलेला मी साऱ्या तालुक्याला कशाला दिसू?"

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात हे स्वतःच तयार झाले. टोपी घातली, पेटी मांडीवर घेतली. लाईट लख्ख चालू. शेंडीपर्यंत माझ्या पाठीआड तोंड लपवून बसले होते. पुढं धुकं लागलं तेव्हा मला वाटलं, आता भितील, म्हणून लवकर उरकावं असं ठरवून मी वेग वाढवला. तर खांद्यावर हात ठेवून कानात म्हणाले, "हळू चालव ना. घाई काय आहे?" तेव्हा बटण नको. मागच्या सीटला पाठ टेकायला काही बसवता येत असेल तर तेवढं बघ.