रक्षिताचा गहू माझ्या माथी

ता. ५ ऑक्टोबर, रविवार

गरम पुरी समोर आणि माझे हात मांडीवर! सुनेनं डाव साधला.

नात रक्षिता, तिला गहू सोसत न्हाई. सेलियाक म्हणतात. मैदा, रवा, चपाती, चिमूटभर पोटात गेलं की पोर दोन दिवस आडवी. घरात भात, तेव्हा कुणाचं अडत न्हाई. पण स्थळ आलं रामनगरचं, आणि त्यांनी बोलावलं हॉटेलात, नाष्ट्याला!

सून सुमंगला म्हणाली, "अत्ती, लग्न ठरेस्तोवर गप्प. आजारी पोर कोण करून घेईल? आजार तुम्हाला हाय म्हणून सांगायचं."

"मलाच का?"

"तुमचं लग्न झालंय न्हवं!"

मग काय, बसले ओरडत. तवा धुवा, त्याच्यावर चपाती भाजलीय! उलथणं वेगळं घ्या! सांबार नको, हिंगात मैदा असतो! हॉटेलवाला रडकुंडीला. रक्षिता मान खाली घालून म्हणाली, "अज्जी खाईल तेच मी खाते, सोबतीला." मुलाची आई सावित्री डोळे पुसायला लागली — "किती माया हो पोरीची!" माया कसली! डोसा चिवट होता.

मुलगा अक्षय बरा वाटला. गप्प खातो.

ता. ७, मंगळवार

कुंभारवाड्याच्या बसमध्ये एका बाप्यानं उठून जागा दिली. "अज्जी, तुम्हाला गहू बाधतो न्हवं? बसा." बातमी पोचली तर! बसले.

ता. ९, गुरुवार

शेजारची तारा भेटायला आली, रडली. येताना बिस्किटं आणली, जाताना परत नेली. म्हणे, तुम्हाला चालत न्हाईत.

ता. १२, रविवार

परत तेच हॉटेल. डोसा झाला. मग सावित्रीबाईनं पिशवीतून शिऱ्याची वाटी काढली. पसंतीचा शिरा. तो नाकारला म्हणजे स्थळ नाकारलं, इकडं सगळ्यांना ठाऊक. वाटी थेट रक्षिताच्या हातात! "अज्जींना नको. तू खा गं, तुला काय झालंय?"

पोरगी पांढरी पडली. सुमंगला छताकडं बघतेय. पोर चमचा उचलायला लागली — उचललाही असता, आईच्या धाकानं. ओढली वाटी आणि सगळा शिरा मीच खाल्ला.

मग जो कालवा! "अज्जी गेल्या!" मुलाचा बाप बाबुराव गाडी काढायला धावला, चपला टेबलाखालीच. मला बाकावर आडवं केलं. पेपरानं वारा घातला. कुणी पाय चोळले. मी डोळे मिटून बेदाणा चघळत पडले. साखर जरा जास्त होती.

स्थळाचं कुणी बोललंच न्हाई. शिरा पोरीनं खाल्ला न्हाई. राहिलं का मोडलं?

ता. १३, सोमवार

रक्षिता आत्ता तोंड उघडते! "अज्जी, अक्षयला मी स्थळ आलं त्याच दिवशी फोनवर सांगितलंय. दोन्ही रविवारी तवा त्यानंच आधी जाऊन घासून घेतला. शिऱ्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तो उठणार, तेवढ्यात तू वाटी ओढलीस."

"आणि लग्न?"

"आम्ही करणार हाय."

मेल्यांनो! मग मी कशाला मेले काल?

सावित्रीबाईचा फोन सकाळपासून वाजतोय. अज्जी जित्या हायत का, विचारायचं असणार. मी उचलणार न्हाई, रक्षितानंही उचलायचा न्हाई. सुमंगलानं उचलायचा. आजार कुणाला, ते तिनंच सांगायचं.