फ्रीझरमधले बाबा

बाबा,

तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पण तुमचं रक्त माझ्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये आहे. कारखान्यात तुमच्या अंगात मुरलेलं ते रसायन विरत नाही. म्हणून रोज सकाळी आम्ही मशीनमध्ये आधी तुमचाच थेंब घालतो. पडद्यावर त्या रसायनाची तुमची उंच रेघ नेहमीच्या जागी उठली की मशीन ठीक. मी म्हणते, "आले बाबा."

काल तुलनेसाठी स्वच्छ रक्त हवं होतं. मी ऐटीत माझा हात पुढे केला. कारखान्याचं ते गाव सोडून मला जमाना झाला होता.

निकाल बघून मदतनीस वैतागली. "मॅडम, बाटल्यांची अदलाबदल झाली वाटतं. हे तर परत बाबाच आलेत!"

अदलाबदल झाली नव्हती. कामावरून आल्या आल्या तुम्ही त्याच कपड्यांनी मला उचलून घ्यायचात. आई ओरडायची, "आधी अंघोळ करा!" आपण दोघं खिदळायचो.

मला सातवा महिना लागलाय. माझ्याच रक्तावर बाळ वाढतंय. सोनोग्राफी बघून सगळे म्हणतात, नाक अगदी आजीवर गेलंय.

आजोबांकडून काय आलंय, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुमच्या कडेवरची,
ठकू