खोबरेल लावलेली रायफल ब्रिगिटेला

मी, मालिनी उल्हास धुमाळ, वय एकावन्न, राहणार न्युरेम्बर्ग, माझ्या मरणानंतरची व्यवस्था लिहून ठेवते. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी दटावलेलं नाही. दटावून मी ऐकतही नाही. इथे मृत्युपत्र टाइप केलेलं चालत नाही, म्हणून सातवी नापास अक्षर सांभाळून घ्यावं.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा, शिल्लक आणि सोनं मुलगी तनया हिला. आमच्या ह्यांना कायद्याने द्यावंच लागतं तेवढं मिळेल. वर एक चमचा नाही.

२. नणंद मीनल हिला पोळपाट-लाटणं. भर पंगतीत म्हणाली होती, "वहिनी, पोळ्या सोडून तुम्हाला काय जमतं हो?" आता तिने लाटाव्यात.

३. माझी पॉइंट बावीसची, नेमबाजीची रायफल. काळी, दिसायला लष्करी, म्हणून ह्यांना लाज. पुण्याचे पाहुणे आले की सांगायचे, "मालिनी योगाला गेलीय." मी शूटिंग क्लबात असायचे. कँटीनमध्ये भांडी घासून रायफल घेतली, परवान्याची परीक्षा जर्मनमध्ये दिली. हे एकदाही बघायला आले नाहीत. हात लावला तो एकदाच. यंदा खंडेनवमीला मी ती पूजेसाठी काढली, पाट मांडत होते, तेवढ्यात ह्यांनी बोल्टमध्ये, म्हणजे गोळी आत सरकवणाऱ्या दांड्यात, खोबरेल ओतलं. दुसऱ्या सकाळी स्पर्धा. थंडीत तेल थिजलं, दुसऱ्याच गोळीला बोल्ट अडकला.

"अगं, आपल्यात शस्त्राला खोबरेलच लावतात!"

"अहो, ते साताऱ्यात. इथे खोबरेल बाटलीतून सुरीने काढावं लागतं."

हसले. चुकलं म्हणाले नाहीत.

परवा म्हणाले, "तू घरी आलीस की ती पोलिसांत देऊन टाकू." तिथे चुरा करतात. मी घरी आलेच नाही तर विचारायलाच नको. तनयाला देऊ केली; "मामा, नाइन," म्हणाली, म्हणजे आई, नको. म्हणून रायफल क्लबातल्या ब्रिगिटेला. तिच्याकडे परवाना आहे. स्पर्धेत स्वतःची पाळी सोडून तिने माझा बोल्ट पुसला होता.

तिला ठाऊक आहे, तरी लिहिते. ह्या गोळीची काजळी फार, बोल्ट दर खेपेला पुसावा. नळी उगाच घासू नये. रिकामी असताना चाप ओढू नये, आतली पिन काठावर आपटून खराब होते.

रायफलच्या कपाटाच्या कुलुपाचा आकडा कायद्याने कुणाला सांगता येत नाही. ह्यांनी लग्नाची तारीख लावून बघू नये, ती नाही. शस्त्रपरवान्याच्या ऑफिसला कळवावं, बंदुकवाला कपाट उघडून रायफल ब्रिगिटेच्या हातात देईल.

एवढं लिहून झालं तर हे मागे उभे. वाचलं सगळं.

"माझ्याकडे नाही ठेवायची?"

"तुम्ही पोलिसांत द्याल."

"नाही देणार."

"मग खाली तसं लिहून द्या." पेन पुढे केलं.

हे टीव्ही लावायला गेले. वरचं सगळं कायम.

साक्षीदार इथे लागत नाहीत म्हणे. मला लागतात.

साक्षीदार:
१. स्वानंदी केळकर, खालच्या मजल्यावरची (सही)
२. मोहन साळवी, कँटीनमधले सोबती (सही)

मालिनी उल्हास धुमाळ (सही)
न्युरेम्बर्ग, १४ नोव्हेंबर २०२४